शोषखड्डा नि माझे पाय

शाळेनं मला आठ दिसांत घरी पाठवला, म्हनून कागद आला की मी तो आधी उलटा धरतो. पालिकेची नोटीसपन उलटीच धरली होती. बायकोला बघायला आलेल्या भावजयनं हातातून घेतली, सुलटी केली नि वाचली. घरपट्टी थकलीय, म्हैनाअखेर भरा, नायतर नळ तोडनार.

बायकोचं पोटाचं ऑपरेशन होऊन वीस दिस झाले होते. डॉक्टरनं सांगितलेलं, सहा म्हैने वजन उचलायचं नाय, आतले टाके सुटतील. मी खांदा कॉलनीत एका बिल्डिंगचा वॉचमन, सकाळी सातला गेलो की रात्री सातला सुटायचो. टँकर यायचा दुपारी. नळ गेला तर हंडा आननार कोन? माझ्या डोक्यात एवढंच फिरत होतं. डोक्यात जागा भरपूर, त्यामुळं जोरात फिरायचं.

त्याच बिल्डिंगीत गच्चीचं पानी पाइपानं खड्ड्यात सोडलं होतं. जो पावसाचं पानी जमिनीत मुरवील त्याला घरपट्टीत सूट, हे मी गेटवर बसून ऐकलं. सूट मिळाली असती तर उरलेली मी कशीबशी भरली असती. पालिकेत जाऊन सुटीच्या अर्जावर अंगठा दिला. क्लार्क बोलला, खड्डा तयार ठेवा, साहेब येऊन बघतील.

आता आमचं सांगतो. आमच्या पिढ्या मिठागरात गेल्या. मिठाचा वाफा असा तुडवायचा का खाडीचं पानी थेंबभर खाली जाता नये. वाफा गळला तर बा माझ्या पोटरीवर काठी मारायचा. या पायांना दुसरी विद्या नाय.

सुट्टी टाकून खड्डा खनला. आत उतरलो नि पाय आपसूक चालू झाले. तळाला पानी शिंपडलं, माती मऊ केली, दीड दिस तुडवली, मग थापीनं बडवली. बाजूपन लिंपल्या. बायको ओट्यावर बसून बघत होती. बोलली, "झ्याक बसलाय." तीपन मिठागरातलीच. वरनं खडी, वाळू टाकली, बिल्डिंगीत बघितली होती तशी.

साहेब आला, तरना होता. पाऊस तर अजून लांब, म्हनून बोलला, दोन बादल्या ओता, बघू. घरात दोनच भरलेल्या होत्या. मी दोन्ही ओतल्या. बायकोनं चहा दिला. चहा पिऊन बघितलं तर खडीवर पानी तसंच उभं, वर एक माशी तरंगत होती.

"मामा, तळाला काय केलंय?" त्यानं इचारलं.

मी छाती काढून बोललो, "तुडवलाय, साहेब. एक थेंब जायचा नाय."

त्यानं कप ओट्यावर ठेवला. मग हळू बोलला, "मामा, पाणी जायलाच पाहिजे होतं."

बायकोनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं हसतेय. हसत नव्हती.

मी त्याच्या पायाशी बसलो. बोललो, निम्मी तरी सूट द्या, निम्मा खड्डा आत्ता फोडतो. मी मस्करी करत नव्हतो, पन माझं तोंडच असं, लोकांना मस्करीच वाटते. तो बिचारा बोलला, नीट करून परत अर्ज द्या, पुढच्या म्हैन्यात येतो. म्हैनाअखेरीला चार दिस उरले होते.

तो गेल्यावर बायको बोलली, "आता मीठच पिकवा त्यात. भाताला तरी होईल."

दुसरा अर्ज दिला. पालिकेतून कोन यायच्या आधी नळ तोडनारा आला. पाना लावून दोन मिन्टांत काम केलं नि गेला. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलोच नाय. खडी बाहेर काढली नि पहारीनं तळ फोडायला घेतला. पहार उलटी उडायची. माझ्या हातून जन्मात एकच काम पक्कं झालं, ते हे. दुपारपर्यंत सुपलीभर ढेकळं निघाली.

टँकरचा हॉर्न वाजला तो मी ऐकला. मनात बोललो, एवढं एक ढेकूळ निघू दे, मग जातो. ते ढेकूळ निघेना.

खड्डा खांद्याएवढा. वाकलेल्या मानसाला आतून वरचं काय दिसत नाय. मान वर केली तर खड्ड्याच्या काठानं बायकोचे पाय चालले होते, सावकाश, एकेक टाकत. त्यांच्या मागं जमिनीवर पान्याचे थेंब पडत होते, नि पडले तिथंच मुरत होते.