मिठाचं पाणी

शिवणाच्या कारखान्यात तिला सगळे ‘मास्टर’ म्हणायचे, कारण कापड बेतणं आणि कापणं तिच्याकडे होतं. तिनं खडूची रेघ मारली की शेठही मध्ये तोंड घालत नसे. अशी नाकावर माशी बसू न देणारी बाई, आणि नेमकं नाकच दगा देऊन बसलं. डोकं ठणकून ठणकून शेवटी सायनसचं ऑपरेशन झालं.

मग सुरू झालं मिठाचं पाणी. उकळून गार केलेल्या पाण्यात मिठाची पुडी विरघळवायची, बाटली एका नाकपुडीला लावून दाबायची. पाणी दुसरीतून बेसिनमध्ये. सोबत खपल्या. नणंद दारातच तोंड वाकडं करून उभी.

“वहिनी, दार तरी लावून घ्या. मला जेवण जात नाही.”

“मग उशिरा जेवा,” मास्टर म्हणाली, आणि दुसरी नाकपुडी पुढे केली.

डॉक्टरांनी कामावर जायची, वाकायची परवानगी दिली त्या सकाळी ती नाक धुऊन थेट कारखान्यात गेली. तिच्या टेबलाशी शेठचा मेहुणा उभा होता, हातात तिचीच कात्री.

“तुम्ही आता बटणांच्या खोलीत बसा,” शेठ म्हणाला. “तुमच्या तब्येतीसाठीच हो.”

मेहुण्याची सोय लावायला हिची तब्येत बरी सापडली! मास्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा खडू खाली पडलेला दिसला, तो उचलायला ती वाकली, आणि आत अडकून राहिलेलं सकाळचं पाणी नाकातून घळाघळा गळलं. ती उठली तेव्हा ओठ, हनुवटी, सगळं ओलं.

शेठ विरघळला. “अहो, रडू नका. ठेवा टेबल तुमच्याकडेच, मग तर झालं?”

मशिनी थांबल्या होत्या. ती नुसती गप्प बसली असती तरी काम झालं असतं. पण रडून मिळालेल्या टेबलाशी उभं राहणं तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

“रडतंय कोण?” तिनं बाहीनं नाक पुसलं. “नाक धुतल्याचं मिठाचं पाणी आहे हे. अजून बरेच दिवस गळेल. दुपारी तुमच्या बेसिनवरही धुणार आहे. दया आली असेल तर ती परत घ्या. टेबल माझ्या हाताकडे बघून द्यायचं तर द्या.”

तिनं हात पुढे केला. मेहुण्यानं शेठकडे पाहिलं, शेठनं खिडकीबाहेर. कात्री तिच्या हातात आली.

तिनं कापड पसरलं आणि वाकली. टपकन एक थेंब पडला. तिनं त्याच्याभोवती खडूनं गोल काढला, तेवढा भाग कातरणात जाईल असा बेत बदलला, आणि शेठच्या नाकावर टिच्चून कात्री चालवली.