बर्फाचं गिरमिट

आमच्या कारखान्यात आजवर जे बनलं ते सगळं उन्हासाठी बनलं. बोअरवेलचे सुटे भाग, ठिबकच्या फिल्टरच्या जाळ्या, केळीच्या गाड्यांच्या फळ्यांना लागणारे कोयंडे. जळगावच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडखाली तीन लेथ, एक मिलिंग मशीन आणि मी. मशीन कामाच्या आहेत. माझ्याबद्दल घरात मतभेद आहेत.

मोठ्या भावाची मुलगी शिकून बर्फाची शास्त्रज्ञ झाली. पंचेचाळीस अंशात वाढलेल्या पोरीला हे कसं सुचलं, ते आम्हाला कुणालाच सांगता येत नाही. तीन वर्षं खपून तिने अंटार्क्टिकाच्या मोहिमेत जागा मिळवली, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी तिचा मला फोन आला.

"नाना, एक नळी बनवाल का?"

"किती इंची?" मी विचारलं. आमच्या धंद्यात आधी माप विचारतात, नळी कशाला पाहिजे ते मागाहून.

ती नळी म्हणजे बर्फात भोक पाडायचं गिरमिट होतं. कमरेएवढं उंच, आतून पोकळ, तोंडाशी तीन पाती. मोटर लावून ते बर्फात उतरवायचं, की आत मनगटापेक्षा जाड असा बर्फाचा दांडा तयार होतो. तो दांडा अखंड वर यायला हवा, कारण त्यात जुन्या काळची हवा अडकलेली असते आणि हिला तीच तपासायची होती. दांडा वर आणायला नळीच्या आत, तोंडाजवळ, तीन छोट्या नख्या असतात. खाली जाताना त्या मिटून राहतात. वर ओढलं की स्प्रिंगच्या जोराने बाहेर येतात, बर्फात रुततात आणि दांडा तोडून धरून ठेवतात. नख्या चालल्या नाहीत तर नळी रिकामी येते.

ती काम करते त्या संस्थेची जुनी नळी मागच्या मोहिमेत वाकली होती आणि परदेशातून नवी यायला वेळ लागणार होता. भर बैठकीत आमची पोर बोलून गेली होती, "माझ्या काकांचा कारखाना आहे, ते करतील." तिच्या साहेबांनी एक अट घातली. वजा वीस अंशात लागोपाठ पाच दांडे अखंड काढून दाखवायचे, त्याचं चित्रीकरण पाठवायचं, तेही जहाजाच्या पेट्या बंद व्हायच्या आत. जमलं नाही तर गिरमिट जाणार नाही, आणि गिरमिट नसेल तर तिचंही तिथे काही काम नाही. तिची जागा दुसऱ्याला मिळेल.

"बैठकीत माझं नाव घ्यायच्या आधी मला विचारायचं तरी," मी म्हणालो.

"विचारलं असतं तर तुम्ही काकूला विचारलं असतं," ती म्हणाली. काकू, म्हणजे माझी बायको, शेजारी बसून ऐकत होती आणि मान डोलावत होती.

नळी खरं तर आबांनी बनवली. आबा शिंदखेड्याकडचे, अहिराणी बोलणारे, आमचे सर्वांत जुने टर्नर. मी त्यांना आबा म्हणतो, ते मला भाऊ म्हणतात, आणि कारखाना कोणाचा आहे ते आम्ही दोघंही उघडपणे बोलत नाही. बाहेरचे सापासारखे चढते आटे त्यांनी एका दमात काढले. नख्यांच्या पिना मात्र तीनदा केल्या, कारण थंडीत धातू आकसतो आणि भोकात केसाएवढी जागा जास्त ठेवायची होती. तो हिशेब पोरीने करून पाठवला होता. "एवढी ढिली पीन माझ्या कारखान्यातून बाहेर जाणार नाही," असं मी दोनदा म्हणालो. दोन्ही वेळा कुणी ऐकलं नाही.

नवरात्र बसताना ती स्वतः येऊन सगळं जोडून, पुसून गेली. नळी प्लास्टिकमध्ये गुंडाळून तिने चिकटपट्टी लावली आणि मला बजावलं, "नाना, याला आता काही लावायचं नाही. तेल नाही, ग्रीस नाही. ही कोरडीच चालते."

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या मशीन धुऊनपुसून त्यांची पूजा होते. हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. पानं-पक्कडीसुद्धा पाटावर मांडतात. त्या दिवशी प्रत्येक लेथच्या गळ्यात माळ होती आणि ती नळी मात्र कोपऱ्यात प्लास्टिक पांघरून उभी. पंगतीत एका पाहुण्याला वाढायचं राहून जावं, तसं मला वाटायला लागलं. इतक्या लांब जायची, आणि तिलाच नारळ नाही?

मी पट्टी सोडवली. नारळ फोडला. सगळ्या मशीनवर पाणी शिंपडलं आणि उरलेलं, जरा सढळ हातानेच, नळीच्या तोंडावर सोडलं.

आबा बघत होते. "भाऊ, पोरनी काय सांगेल शे?"

"तेल-ग्रीस लावू नका म्हणाली. नारळाबद्दल काही बोलली नाही."

आबांनी तोंड फिरवलं. मी नळी बाहेरून स्वच्छ पुसली आणि पट्टी पहिल्यासारखी लावून टाकली.

दसरा झाल्यावर चाचणी होती, धुळ्याला. तिथले एक आइस्क्रीमवाले शेठ आमच्या ओळखीचे. त्यांच्या शीतगृहात वजा वीस अंश मिळतात. बर्फाच्या लाद्या आठवडाभर आत ठेवून, एकमेकींवर रचून, मध्ये पाणी सोडून शेठच्या माणसांनी त्यांचा एक ठोकळा करून ठेवला होता. शेठनी खोली दिली, पण चार वाजेपर्यंतच. कोजागिरीचा माल चारला आत जाणार होता.

पोरगी, आबा आणि मी सकाळी एरंडोल, पारोळा करत पोहोचलो. बाहेर ऑक्टोबरचं ऊन पाठ भाजत होतं. आत मी बायकोची शाल, तिच्यावर स्कूटरचं जॅकेट आणि कानटोपी अशा थाटात उभा राहिलो. शेठ म्हणाले, "नाना, तुम्हीच जाऊन राहिले का अंटार्क्टिकाला?"

मोटर सुरू झाली. बर्फाचा भुसा आट्यांवरून सरसर वर आला. नळी पूर्ण खाली गेली, मोटर थांबली, पोरीने आणि मी ती वर ओढली. रिकामी. दांडा भोकातच उभा.

दुसऱ्यांदाही तेच.

मी लगेच कारणं द्यायला लागलो. स्प्रिंग नरम असेल. बर्फ धुळ्याचा आहे, भुसभुशीत असेल. व्होल्टेज कमी असेल. पोरगी नळी उचलून बाहेर उन्हात आली. जरा वेळाने तिने नखी दाबून पाहिली, तर ती टिकटिक चालत होती. आत नेली की काही वेळात पुन्हा घट्ट. तिने बोट नखीच्या खाचेत फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि ते जिभेला लावलं.

"नाना, हे गोड कसं काय लागतंय?"

आबा शीतगृहाच्या छपराकडे बघायला लागले. शेठ म्हणाले, "आमचा माल तर नाही सांडला," आणि तेही छपराकडे बघायला लागले.

मी सांगितलं. सगळं सांगितलं. झेंडूच्या माळांपासून सुरू केलं, म्हणजे नारळापर्यंत यायला वेळ लागेल. खाचेत राहिलेलं नारळाचं पाणी थंडीत गोठून नख्या धरून ठेवत होतं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती खाली पायरीवर बसली. "साहेब तर म्हणतच होते," ती हळू आवाजात म्हणाली, "घरगुती कारखान्यात असली कामं होत नसतात."

ते मला लागलं. माझ्यासाठी नाही, आबांसाठी. आबा उठले, पिशवीतून हातोडी आणि खिळा काढला आणि तिथेच फरशीवर नख्यांच्या पिना काढायला बसले. तेव्हा साडेबारा झाले होते.

दूध तापवायला शेठकडे वाफेची सोय होती. उकळत्या पाण्याने तिन्ही नख्या, पिना, स्प्रिंगा धुतल्या. मग स्पिरिटने. मग पत्र्यावर, फडक्यावर, त्या उन्हात. खान्देशचं ऊन कधी कुणाच्या उपयोगी पडलं असेल तर त्या दिवशी. एक स्प्रिंग उडून मोरीच्या जाळीकडे गेली, तेव्हा मी शालीसकट आडवा झालो, जाळी उचलून बाजूला ठेवली आणि हात खांद्यापर्यंत आत घातला. स्प्रिंग जाळीच्या वरच अडकली होती, हे शेठच्या मुकादमाने मला थोड्या वेळाने सांगितलं.

आबांनी जोडणी केली. दीड वाजता नळी आत ठेवली, पण लगेच चालवता येणार नव्हती. गरम नळी बर्फात घातली तर भोवतीच्या बर्फाचं पाणी होतं आणि ती तिथेच गोठून बसते. ती थंड होईपर्यंत तास-दीड तास थांबावं लागलं. एवढा वेळ मी दाराशी घड्याळ बघत बसलो. 

तीन वाजता पोरीने मोबाइल स्टँडवर लावला, शेजारी तापमापी ठेवली. नळी उतरली. मोटर थांबली. वर ओढताना आत खट् असा आवाज झाला, बारीक, आणि माझ्या हाताला वजन लागलं. त्या वजनाची गोष्ट मी तेव्हापासून किती जणांना सांगितली, ते बायको मोजते.

दांडा अखंड आला. दुसरा आला. तिसऱ्याला भुसा आट्यांत दाटला. पोरीने थांबून ब्रशने झाडला आणि तोही आला. चौथा. बाहेर कोजागिरीच्या मालाचे ट्रे हातगाड्यांवर येऊन थांबले होते आणि शेठची माणसं दारातून माना घालून बघत होती. चारला सहा मिनिटं कमी असताना पाचवा दांडा तिच्या दोन्ही हातांवर आला. काचेसारखा, कुठे तडा नाही. तिने तो कॅमेऱ्यासमोर धरला आणि म्हणाली, "नळी आणि नख्या, बनावट जळगाव." हे साहेबांच्या अटीत नव्हतं, तरी बोलली. मग आबांकडे गेली आणि दांडा त्यांच्या हातात दिला.

आबांनी तो तान्ह्या पोरासारखा धरला. "बठ्ठं झकास शे," ते म्हणाले. शेठनी सगळ्यांना मँगो कप वाटले.  

पेट्या बंद झाल्या त्यांत आमची नळी होती. बरोबर माझ्या हाताने लिहिलेला एक कागदही गेला: दर पाच दांड्यांनंतर नख्या उघडून बघणे, भुसा ब्रशनेच काढणे, ओला हात न लावणे. हा शेवटचा नियम मी मोठ्या अधिकाराने लिहिला.

जानेवारीत एका दुपारी तिचा व्हिडिओ आला. मी तिन्ही लेथ बंद करायला लावले आणि सगळे मोबाइलभोवती जमलो. चहूकडे पांढरं, मध्ये लाल कपड्यांत आमची पोर, चष्म्यामुळे ओळखू न येणारी. नळी वर आली. तिने ती आडवी केली, हलकीच उचलली आणि निळसर दांडा सरकत तिच्या हातात आला, अखंड. ती हसली तेव्हा ओळखू आली.

मग तिने दांड्याच्या टोकाचा एक तुकडा पाण्याच्या भांड्यात टाकला आणि मोबाइल भांड्याजवळ नेला. बर्फ तडतडायला लागला, फोडणीत मोहरी तडतडते तसा, पण खूप बारीक.

"नाना, ऐकू येतंय ना? यात हवा कोंडलेली होती. आपल्या कुणाच्या जन्माच्या किती आधीपासून, कोण जाणे. आत्ता बाहेर येतेय."

व्हिडिओ संपला.  आबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला आणि मोबाइलकडे बोट केलं.

"भाऊ," ते म्हणाले, "आखो एकदाव लावा."