मक्श्याचा दोर

हिंगणीच्या आसपास गोऱ्हा जुवाला लावायचा असला की वासुदेवरावांना निरोप जायचा. गोऱ्हा म्हणजे अंगाने भरलेला, पण अजून कामाला न लागलेला बैल. त्याच्या मानेवर पहिल्यांदा जू ठेवायचं, मागे बाभळीचा ओंडका बांधायचा आणि चालवायचं. गोऱ्हा बिचकतो, आडवा पळतो, मधेच बसकण मारतो. वासुदेवरावांनी त्याच्यावर कधी काठी उगारली नाही. ते थांबायचे. जनावराने मान खाली घालून खांदा लावला, ओंडका हलला, दोर ताठ झाला, की त्याच क्षणी त्यांचा तळवा त्याच्या पाठीवर पडे. "शाब्बास रे माह्या राजा." जनावर पुन्हा खांदा लावी.

पुढे गावात ट्रॅक्टर आले. वासुदेवरावांनी शेत ठेक्याने दिलं, शेवटची जोडी विकली आणि पत्नी मनकर्णाबाईंसोबत ते वर्ध्याजवळ सिंदी मेघेला मुलाकडे, विवेककडे राहायला आले. घर चांगलं होतं, सून अपेक्षा मायाळू होती. फक्त सकाळी उठल्यावर हातांचं काय करावं, हे त्यांना कळत नसे. ते गेटाची कडी उगाच लावत, उघडत.

एका संध्याकाळी विवेक गाडीतून कुत्र्याचं एक पिल्लू घेऊन उतरला. राखाडी, लांब पायांचं, कान ओघळलेलं.

"बाबा, हे ग्रेट डेन हाय. वर्षभरात तुमच्या कमरेले लागते."

"म्हणजे वासरूच आणलं म्हन ना."

विवेकने त्याचं नाव मॅक्स ठेवलं होतं. दोन दिवसांत त्याचा मक्श्या झाला.

विवेक आणि अपेक्षा दिवसभर कामावर, त्यामुळे मक्श्याला वळण लावायचं काम आपोआप वासुदेवरावांकडे आलं. त्यांनी ते मन लावून केलं. एक गोष्ट, एकच शब्द, एकच आवाज. ताट समोर ठेवलं तरी "घे" म्हटल्याशिवाय तोंड लावायचं नाही, हे तो लवकर शिकला. आलेल्यागेलेल्यांच्या छातीवर पाय टाकायची त्याला खोड होती. वासुदेवराव सांगत, "हाकलू नोका, पाठ फिरवून खांबावानी उभं राहा." पाहुणे खांबासारखे उभे राहात आणि मक्श्या कंटाळून खाली बसे. अपेक्षा हसून म्हणे, "बाबा, आता ह्याले चपला ओळीनं लावाले शिकवा."

एकच गोष्ट जमेना. दोर हातात घेऊन बाहेर निघालं की मक्श्या ओढायचा, आणि दर आठवड्याला जास्तच ओढायचा. छाती पुढे काढून, जीभ बाहेर टाकून, सगळा जोर लावून. वासुदेवरावांच्या हाताला त्याचं काही वाटत नसे. उलट त्या ताठ दोरातून कोवळी ताकद तळव्यात उतरे, ती त्यांना ओळखीची होती.

पण एका सकाळी ते औषध आणायला वर्ध्याला गेले असताना मनकर्णाबाईंनी दोर हातात घेतला. गुडघ्यांसाठी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं. म्हटलं, दोघांचंही होईल. वळणावर बकऱ्या दिसल्या. मक्श्याने हिसका दिला आणि बाई नालीच्या काठावर पडल्या. मनगट मोडलं.

विवेक रात्री जेवताना बोलला. आवाज चढवला नाही.

"दिवाळी झाली की त्याले हिंगणीले सोडतो. गोपालच्या शेतावर राहीन तो. मोकळी जागा हाय."

गोपाल म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र. वासुदेवराव ताटाकडे पाहात म्हणाले, "शिकते तो. जरा वेळ दे."

"बाबा, रागात नाई बोलून राह्यलो. उद्या आई डोक्यावर पडली तर?"



प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून मनकर्णाबाई आता सकाळी ओसरीत बसत. असंच एकदा, नवरा आणि कुत्रा गेटातून निघालेले पाहून त्यांनी हाक मारली.

"अजी, इकडं या. तुमी त्याले काऊन थोपटून राह्यले?"

"कवा?"

"आता. त्यानं दोर ताणला अन् तुमचा हात गेला त्याच्या पाठीवर."

"नाई गेला."

"इतकी वर्सं बांधावर बसून तुमचा हात पाह्यला मी. मले नोका सांगू. तुमी त्याले जुवाले लावून राह्यले."

वासुदेवराव रस्त्याला लागले. मक्श्याने छाती लावली, दोर ताठ झाला, आणि त्यांनी स्वतःचा डावा हात उचलला जाताना पाहिला. तो त्यांना न विचारताच निघाला होता. ते बाजूच्या रपट्यावर, नालीवरच्या बुटक्या पुलावर बसले. मक्श्या मांडीवर डोकं टेकून उभा राहिला.

"तू तं बरोबरच शिकला, बावा," ते त्याला म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डावा हात बंडीच्या खिशात घातला. दोर ताणला की जागीच थांबायचं. मक्श्याने मागे वळून पाहिलं, दोर सैल पडला, की मगच थाप. चार पावलं, थांबा. दोन पावलं, थांबा. शेजारचे रूपराव कुंपणावरून म्हणाले, "का भाऊ, गाडी काऊन बंद पडून राह्यली?"

"ड्रायव्हर शिकाऊ हाय," वासुदेवराव म्हणाले.

ते खरंच होतं. कुत्र्याला हळूहळू समजत गेलं; हात मात्र पुन्हा पुन्हा खिशातून निघे. आयुष्यभर ज्या ताठ दोराला त्यांनी चांगलं म्हटलं, त्याला आता चूक म्हणायचं होतं.

दिवाळी झाली. मनकर्णाबाईंचं प्लास्टर निघालं, आतून बारीक, फिकट मनगट बाहेर आलं. गोपाल रविवारी गाडी घेऊन येणार, असं ठरलं. रविवारी सकाळी मनकर्णाबाईंनी खुंटीवरचा दोर काढला.

"आई, नको," विवेक म्हणाला.

"मनगट माहं, भेव बी माहं. मीच पाह्यतो." मग नवऱ्याकडे वळून, "तुमी गेटापाशीच राहा. तुमचा हात नोको मधात."

वासुदेवराव गेटापाशी राहिले. बाई आणि मक्श्या कोवळ्या उन्हातून सावकाश निघाले. वळणावर बकऱ्या होत्याच. मक्श्याने कान टवकारले, छाती पुढे गेली, दोर ताणला. विवेक पळायला निघाला. वासुदेवरावांनी त्याचा दंड धरला. मनकर्णाबाई थांबल्या होत्या. पाय जरा फाकवून, दोर दोन्ही हातांनी पोटाशी धरून. मक्श्याने आणखी एकदा जोर लावला. मग मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, एक पाऊल मागे आला. दोर सैल झाला, त्याला पोट पडलं.

बाईंनी वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवला. काहीतरी बोलल्या, ते गेटापर्यंत ऐकू आलं नाही. दोघं बकऱ्यांच्या बाजूने पुढे गेले आणि वळणाआड दिसेनासे झाले.

 विवेकने फोन लावला.

"गोपाल, निघाला नाई ना? नोको आणू गाडी. हो, त्याले ठेवून राह्यलो."

वासुदेवराव रस्त्याकडे पाहात होते. ती दोघं लवकर परत आली नाहीत. मनकर्णाबाई पडल्यापासून त्या वळणापलीकडे गेल्या नव्हत्या. आज बहुतेक थेट पलीकडच्या शाळेपर्यंत गेल्या असाव्यात.