नांदुऱ्याचे ग्रीक गावकरी

नाणी जमवणाऱ्याकडे नाण्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. नाण्यांना निदान डबी तरी लागते, किश्शांना चहा पुरतो.

आम्ही नांदुऱ्याचे तिघं. मोटर रिवाइंडिंगचं दुकान असलेले तायडेभाऊ, भूगोलाचे रिटायर्ड पाटील सर आणि मेडिकलवाला मी. जुन्या ग्रीक शहरांनी पाडलेली काशाची नाणी, हे आमचं वेड. सोन्याचांदीकडे आम्ही बघत नाही, म्हणजे परवडत नाही. ज्याच्याकडे ज्या शहराची नाणी जास्त, ते त्याचं गाव. भाऊंचं इफिसस, नाण्यावर मधमाशी. सरांचं ऱ्होड्स, नाण्यावर गुलाब. माझं मेटापॉन्टम, नाण्यावर कणीस. रविवारी भाऊंच्या दुकानात भेटलो की पहिला प्रश्न ठरलेला, "काय म्हणते गाव?"

*

माझं पहिलं कणसाचं नाणं मी कौतुकानं आईला दाखवलं. तिनं चष्मा लावून उलटसुलट पाहिलं.

"दाणे भरले नाहीत. सोंगणीची एवढी घाई काऊन केली यायनं?"

*

एकदा सर आपल्या ऱ्होड्सच्या बंदराचं कौतुक सांगत होते.

"आमच्याबी गावाले बंदर होतं," भाऊ म्हणाले.

"होतं. गाळानं बुजलं ना ते!"

भाऊ आठवडाभर सरांशी बोलले नाहीत. आठव्या दिवशी स्वतःच सरांच्या घरी गेले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, "गाळ काय, काढता येते." मग दोघांनी पोहे खाल्ले.

*

भाऊंच्या मुलीला, प्रज्ञाला बघायला पहिली मंडळी आली, तेव्हा भाऊंनी नाण्यांच्या डब्या काढल्या. तिसऱ्या डबीला नवरदेव सोफ्यावरच पेंगला. दोन दिवसांनी निरोप आला, "पोरगी चांगली आहे. बापाचं मात्र अवघड आहे."

*

दुसरं स्थळ जानेफळचं. मुलगा प्रज्ञाच्याच कॉलेजातला, तिला मनापासून आवडलेला. वहिनींनी भाऊंना बजावलं, "हे मोडलं तर पोरगी रडन. नाण्याचा न बी काढू नका."

धीर म्हणून मी शेजारी बसलो होतो. भाऊंचे दोन्ही हात गुडघ्यांवर. पाऊस झाला, सोयाबीन झालं, मुलाची नोकरी झाली. भाऊ फक्त "हो" आणि "हाव". वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या, हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला. मलाही भाऊंचा अभिमान वाटला.

मुलाचे वडील शांत गृहस्थ. चहाची बशी खाली ठेवत त्यांनी सहज विचारलं, "मूळ गाव कोणतं म्हणा तुमचं?"

वडनेर भोलजी. एवढंच सांगायचं होतं.

"इफिसस," भाऊ म्हणाले.

वहिनींनी डोळे मिटले. प्रज्ञा ट्रे घेऊन जागच्या जागी थांबली. मी पंख्याकडे बघू लागलो.

पाहुण्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा प्रज्ञाकडे पाहिलं. मग सावकाश मान हलवली.

"लांब पडते हो. पोरीले माहेरी यायले गाडी कोठून भेटते?"