मचवा टेकतो तेव्हा

पत्रकं लिहून लिहून मला एक खोड लागली आहे. आरोप आधी, पुरावा मागून. इथेही तसंच करते. त्या मचव्याचं जे झालं त्यात ट्रकवाल्यांचा हात होता, कचेरीतल्या साहेबांचा होता, आणि माझाही होता.

मचवा म्हणजे शिडाची लाकडी मालवाहू बोट. कोकणातून कौलं आणि नारळ मुंबईला आणायची. ऐंशीनंतर तो सगळा माल ट्रकने यायला लागला आणि मचवा बोरिवलीच्या मागच्या खाडीत, तिवरांच्या कडेला बांधून पडला. मालक माझ्या आईच्या गावचे, म्हणून मामा. त्यांची बायको मामी. गावात घर नाही, मुंबईत खोली नाही; दोघं मचव्यावरच राहायची. मुलुंडला माझ्या वडिलांनी एक दिवस सांगितलं, मोर्चे काढायचे तर या घरातून काढू नकोस. मी पिशवी उचलली आणि खाडीवर आले. जिथे पूर्वी कौलं रचायचे त्या पोटात मामीने मला एक गोधडी अंथरून दिली.

हाल होते, ते सांगते. गोडं पाणी किनाऱ्यावरच्या नळावरून, फळीवरून तोल सांभाळत आणायचं. फळी ओली असली की हंड्यासकट चिखलात. कपडे कधी पुरते वाळायचे नाहीत. लाकडाला चोपडलेल्या मुशीच्या तेलाचा, म्हणजे माशाच्या तेलाचा, वास केसात बसायचा. सभेत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. आणि स्वयंपाक पाण्याच्या वेळेवर. भरती असली की मचवा तरंगायचा, सरळ असायचा, तेव्हाच स्टोव्हवर भात चढवायचा. ओहोटीला तो चिखलावर टेकायचा आणि एका कुशीवर कलायचा. मग पातेलं ठेवलं तर पेज एका बाजूने सांडणार. त्यामुळे आमचं जेवण रोज पाऊण तास पुढे सरकायचं. आज बाराला, उद्या पाऊणला, परवा दीड.

सुखही होतं. भरतीचं पाणी खालून शिरलं की लाकूड एकदा कण्हायचं, आणि मग आख्खं घर हलकेच उचललं जायचं. भिंतीवरचा कंदील सरळ व्हायचा. कितीही भांडण चाललेलं असो, त्या क्षणी आम्ही तिघंही गप्प बसायचो. असलं सुख मला मुलुंडच्या दोन खोल्यांत कधी मिळालं नव्हतं.

भीती कधी सुरू झाली ते मला नक्की सांगता येतं, कारण ती भातामुळे कळली. एके दिवशी मामीचा भात शिजायच्या आधीच मचवा टेकला. मामी म्हणाली, "आज पाणी लवकर गेला." मामा म्हणाले, भांगाचे दिवस आहेत, भरती कमीच असते. पण पुढच्या उधाणालाही तसंच झालं. मामांनी पाण्याची खोली बघायला बांबू घातला. पाणी कमी झालं नव्हतं, तळ वर आला होता.

वरच्या अंगाला रोज ट्रक येत होते. पाडलेल्या इमारतींचा राबिट, विटा, स्लॅबचे तुकडे. तिवरांत रिकामे करायचे आणि जायचे. भरतीचं पाणी त्यातली माती आमच्याखाली आणून सोडायचं. तिवरं मुळापासून करडी पडत चालली. चिखलातली खेकड्यांची बिळं दिसेनाशी झाली. बगळे यायचे थांबले, तेव्हा मामी स्टोव्हला पंप मारता मारता म्हणाली, "पाखरांका आधी कळता." पुढे आठवड्यातून चार दिवस मचवा उठेचना. त्या दिवशी आम्ही चुरमुरे खायचो.

मी पत्रक काढायचं ठरवलं. त्यात मला खाडीचा भराव थांबवायचा होता आणि मामा-मामींना रेशनकार्डही हवं होतं. रेशनच्या कारकुनाने मला विचारलं होतं, "खोली नंबर?" मी म्हटलं, बोट आहे. तो म्हणाला, "मग समुद्राकडे मागा साखर."

मामा दर सहा महिन्यांनी बंदराच्या कचेरीत एक अर्ज द्यायचे: मचवा दुरुस्तीसाठी थांबला आहे, लवकरच निघेल. हे त्यांनी मला हसत सांगितलं होतं आणि मला त्याचा राग आला होता. मी म्हटलं, "मामा, खोटं कशाला लिहिता? हक्काने सांगा ना, आम्ही इथे राहतो."

ते म्हणाले, "चेडवा, फिरता तो मचवो. रवता ती झोपडी. झोपडीचा काय करतत ता तुका म्हायत आसा."

मला माहीत होतं. घाटकोपरला पाडापाडीत मी स्वतः बुलडोझरसमोर बसले होते. तरीही मी रात्रभर स्टेन्सिल कापून जाड अक्षरात लिहिलं: दोन वर्षं एकाच जागी उभं असलेलं हे घर, या घरातल्या माणसांना रेशन नाही. वाक्य मला फार आवडलं होतं. पाचशे प्रती काढल्या. एक मी स्वतः वॉर्डाच्या कचेरीत नेऊन दिली.

आषाढातल्या एका सकाळी वॉर्डाच्या कचेरीतला मुकादम आला. फळीवर पाय न ठेवता त्याने किनाऱ्यावरूनच नोटीस वाचली. अनधिकृत बांधकाम, सात दिवसांत हटवावे, नाहीतर जागेवर तोडण्यात येईल. मी ओरडले, "ही बोट आहे, तुमचा हिच्यावर अधिकारच नाही."

"ताई, आम्ही कुठे काय म्हटलं?" त्याने नोटिशीला टाचलेलं पत्रक उलटून दाखवलं. "हे तुमच्या लोकांनीच छापलंय ना? दोन वर्षं हललेली नाही. बांधकामच झालं की."

मामांनी पत्रक मागून घेतलं. त्यांना वाचायला वेळ लागायचा. पूर्ण वाचून त्यांनी ते घडी करून मला दिलं.

उपाय एकच होता. मचवा हलवायचा. समोर गोराईच्या बाजूला खोल पाणी होतं. पण आता तो उठणार फक्त उधाणाला, म्हणजे सहाव्या दिवशी, अवसेच्या दुपारी. मामा अडून बसले. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्याशिवाय त्यांच्या घरात कोणी मचव्याचा दोर सोडला नव्हता. पुनव त्या अवसेनंतर आणखी पंधरा दिवसांनी होती.

"नारळ पडल्याशिवाय दोर सुटूचो नाय," ते म्हणाले.

मामी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दर्यो थांबतलो. ट्रक थांबूचे नाय. तुमचे आजे चिखलात उभे व्हते काय कधी?"

अवसेला तिने स्वतःच नारळ टाकला, कुंकू न लावता, घाईत. मामांनी तिकडे पाठ केली. गोराईच्या दोन होड्या ओढायला आल्या. साडेबाराला लाकूड कण्हलं आणि मचवा उठला. त्या दिवशी आम्ही कोणी गप्प बसलो नाही. मामा सुकाणूवरून शिव्या घालत होते, मी आणि मामी बांबू रेटत होतो. किनारा मागे सरकायला लागला. हसू फुटलं ते मलाच. म्हटलं, "मामा, बघा, फिरतोय की."

"तोंड मिट. दोर बघ."

शंभर हात गेलो असू. मग खालून एक आवाज आला, चिखलाचा नव्हे, दगडाचा. मचवा जागच्या जागी थांबला आणि आम्ही दोघी पुढे पडलो. मामा म्हणाले, "हय खडक नाय." पुन्हा म्हणाले, "चाळीस वर्सां मी हय येतंय, हय खडक नाय."

खडक नव्हताच. स्लॅबचा तुकडा होता, भरावातून सुटून पावसाच्या लोंढ्याने ढकलत आणलेला, लोखंडी सळया वर काढून पडलेला. होड्यांनी दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा दोर तुटला. एवढ्यात भरती फिरली. पाणी उतरू लागलं तसा मचवा आपल्याच वजनाने सळयांवर बसत गेला, आणि माझ्या गोधडीखालची फळी उभी चिरली.

आम्ही स्टोव्ह, हंडे, देव आणि तांदूळ होड्यांत उतरवले. शेवटी मामा उतरले. मी म्हटलं, "मामा, मी चुकले." त्यांनी होडीत मला बसायला जागा केली.

संध्याकाळी मुकादम आला होता. आम्हाला तो समोरच्या काठावरून दिसत होता. मचवा जिथे बांधलेला असायचा तिथे तो उभा राहिला, वहीत काहीतरी लिहिलं, आणि मागे वळून हात हलवला. तिवरांतून एक ट्रक उलटा येत त्या रिकाम्या जागेवर थांबला.