दोन कार्डांचा कॅमेरा

त्या बहीणभावाचं भांडण सुरू झालं की कॅमेऱ्याचा दुकानदार चहा मागवायचा आणि स्टूल ओढून समोर बसायचा. फुकटचा प्रयोग कोण सोडतो?

बहीण म्हणजे फोटोताई. नाटक कंपनीत सगळे तिला याच नावानं हाक मारत. पोस्टरवरचे चेहरे, वर्तमानपत्रातले प्रसंग, नटांच्या घरी भिंतीवर टांगलेल्या तसबिरी, सगळं तिच्या हातचं. भाऊ तिच्याहून पुष्कळ लहान. वडील गेल्यावर तिनंच त्याला वाढवला, शिकवला आणि पुढे धंद्यात घेतला. त्यामुळे तो कंपनीतही ‘धाकटा’च राहिला.

आजचं भांडण होतं कार्डावरून. जुना कॅमेरा थकला होता, नवा घ्यायचा होता, आणि कुठल्या कार्डाचा घ्यायचा यावर घोडं अडलं होतं. फोटोताईला हवं होतं जाडं कार्ड, कॉम्पॅक्ट फ्लॅश, चांगलं हाताला लागणारं. धाकट्याला हवं होतं एसडी, टपालाच्या तिकिटाएवढं.

“ताई, तुझं हे जाडं कार्ड म्हणजे जुना मानी नट आहे. त्याला स्वतःची वेगळी खोली लागते. माझ्या लॅपटॉपमध्ये जात नाही. दर वेळी तुझ्या घरचा कार्ड रीडर जोडा, मग साहेब बोलणार.”

“म्हणूनच हवंय. कुणाच्याही घरात शिरत नाही ते.”

“आणि तिरकं बसलं तर कॅमेऱ्यातल्या टाचण्या वाकतात, त्याचं काय?”

“मी अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते. तू तुझं ते चिमुरडं कार्ड सांभाळ. कुणी शिंकलं तर उडून जाईल.”

दुकानदारानं कप खाली ठेवला. “माझं ऐका. या मॉडेलमध्ये दोन्ही बसतात. एका खोलीत सासू, एका खोलीत सून. घ्या आणि सुखानं नांदा.”

घेतला. धाकट्यानं तिथेच सेटिंग करून दिलं. प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर उमटणार. प्रयोग संपला की जाडं कार्ड ताईनं घरी न्यायचं, छोटं त्यानं न्यायचं. “एकानं दगा दिला तरी दुसरं आहेच,” तो म्हणाला. फोटोताईला मनातून बरं वाटलं. पोरगा जबाबदार झाला म्हणायचा.

आता फोटोताईची खरी कमाई काय होती, ते सांगायला हवं. रंगपटात शिरताना तिला दार ठोठावावं लागत नसे. नट मंडळी मोठी लाजाळू जात. रंग चढवल्यावर हजार लोकांसमोर रडतील, पण रंग उतरवताना आरसासुद्धा उपडा ठेवतील. त्यांच्यात ही बाई कोपऱ्यात उभी राहायची आणि कुणाला अडचण व्हायची नाही. कारण तिचा एक नेम होता. नटानं ‘हा नको’ म्हटलं की तो फोटो जगात नाही. फिल्मच्या काळात ती निगेटिव्हचा तेवढा तुकडा कापून त्याच्या हातात ठेवायची. डिजिटल आल्यावर त्याच्यासमोर पुसून कॅमेऱ्याचा रिकामा पडदा दाखवायची.

कंपनीच्या मुख्य नटी होत्या बाई. त्यांना दुसरं संबोधनच नव्हतं. नव्या नाटकात त्या आईचं काम करत होत्या. शेवटच्या अंकात डावा हात छातीशी धरून, मान खाली घालून त्या जे भाषण करायच्या, त्यानं थिएटर स्तब्ध व्हायचं. समीक्षकांनी त्या झुकलेल्या मानेवर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले होते.

एका दुपारच्या प्रयोगाला, शेवटच्या अंकाआधी, फोटोताईनं आरशात बाईंना पाहिलं आणि सवयीनं बटण दाबलं. बाई अस्तनी वर सारून, पेनानं, डाव्या हाताच्या आतल्या बाजूवर भाषण लिहीत होत्या. मनगटापासून कोपरापर्यंत ओळीच ओळी.

बाईंनी आरशातूनच विचारलं, “दिसलं?”

“दिसलं.”

“पाठच राहत नाही गं आता. शेवाळावरून पाय सटकावा तसं वाक्य सटकतं. मॅनेजरला कळलं तर उद्याच भूमिका काढून घेईल, आणि त्याचं चूकही नाही. पण हे एवढं नाटक करू दे मला.”

फोटोताई त्यांच्या खुर्चीशी गेली. पडद्यावर फोटो दाखवला. इतका जिवंत फोटो तिनं आयुष्यात काढला नव्हता. तिनं तो पुसला आणि मोकळा पडदा बाईंसमोर धरला. बाईंनी पावडरीच्या हातानं तिचा गाल थोपटला. “तुझ्यावर सोडलंय हं सगळं.”

पुढे थिएटरच्या दर्शनी भागात फोटोताईच्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं. धाकटा म्हणाला, “निवड माझ्यावर सोड. तू फक्त नवी साडी नेसून ये.” ती नेसून आली. दारातून आत पाऊल टाकलं आणि समोरच्या भिंतीवर, माणसाच्या उंचीएवढा, बाईंचा हात. पेन, आरसा, अक्षरं, सगळं. खाली फोटोताईचं नाव. आणि समोर कंपनीचा मॅनेजर, मान वाकडी करून ओळी वाचत उभा.

धाकट्याला तिनं जिन्याखाली ओढलं.

“हा कुठून आला?”

“छोट्या कार्डावरून.”

“मी काढून टाकला होता.”

“जाड्या कार्डावरून काढलास. एकावरून पुसला म्हणून दुसऱ्यावरून जात नाही, ताई.”

“हे मला सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलं नाहीस.” मग त्याचा चेहरा उजळला, बक्षीस दाखवणाऱ्या पोरासारखा. “अगं, दर प्रयोगानंतर मी दोन्हीकडची यादी ताडून बघतो. जाड्यावर नाही आणि छोट्यावर आहे, तो फोटो पहिला उघडतो. तू जे पुसतेस ना, तेच तुझं सगळ्यात भारी काम असतं.”

फोटोताईच्या डोळ्यांपुढून एकेक चेहरा गेला. प्रवेशाआधी भीतीनं ओकणारा नायक. विनोदी कामं करणारा तो नट, बायको गेल्यावर केसांच्या टोपात तोंड खुपसून रडलेला. तिनं प्रत्येकाला रिकामा पडदा दाखवला होता.

“सगळे आहेत तुझ्याकडे?”

“जिवापाड जपलेत. आणि नाव तुझंच लावलंय, माझं कुठे लावलं?”

“तेच तर,” ती म्हणाली. कुंपणानं शेत खाल्लं होतं आणि वर सांगत होतं, पीक किती गोड होतं.

तिनं स्वतः स्टुलावर चढून तो फोटो उतरवला. पण मॅनेजरचं वाचून झालं होतं. पुढच्या प्रयोगाला आईचं काम, आजवर मुलीचं काम करणाऱ्या नटीकडे गेलं.

फोटोताई रंगपटात गेली तेव्हा बाई आपले कंगवे गोळा करत होत्या.

“बाई, मी तो पुसला होता. तुमच्यासमोर.”

“हो तर. इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण इतका सफाईदार अभिनय पाहिला नव्हता.”

“अभिनय नव्हता हो तो. या कॅमेऱ्यात दोन कार्डं असतात. एकावरचा पुसला तरी…”

“दोन?”

“दोन.”

“मग मला एकच का दाखवलंस?”

भावाचं नाव फोटोताईच्या ओठांपर्यंत आलं. पण दर प्रयोगाआधी दोन्ही कार्डं तिनंच आपल्या हातांनी बसवली होती.

“मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली. खोटं कसं ऐकू येतं हे पुरतं जाणणाऱ्या त्या खोलीत, ते खरं वाक्य अगदी खोट्यासारखं ऐकू आलं.

“सुतारानं म्हणायचं, करवतीला दात असतात हे माहीत नव्हतं,” बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “बाहेर थांब. मला साडी बदलायचीय.”

फोटोताई बाहेर आली. आतून कडी लागली. बोळातून आईचं काम मिळालेली नटी लगबगीनं येत होती, आईच्या पात्राचा पांढरा टोप हातात धरून. फोटोताईनं या पोरीचे पहिल्या तालमीपासूनचे फोटो काढले होते. पोरीनं कॅमेरा पाहिला आणि पावलं मंद केली.

“फोटोताई, राग मानू नका हं. पण फोटो रंगमंचावरच घ्या. आत नको.”

“बरं,” फोटोताई म्हणाली, आणि तिला दारापर्यंत जाता यावं म्हणून भिंतीला टेकून उभी राहिली.