खडवलीच्या वाटेवर बाबा

पीएचडीच्या पायी मी पुणे, गुवाहाटी आणि बंगळूर अशी तीन शहरं पालथी घातली. विषय होता गोड्या पाण्यातल्या गोगलगायी. गोगलगाय आपलं घर पाठीवर घेऊन फिरते, हे वाक्य मी प्रत्येक परिषदेत दीपप्रज्वलनानंतर, शाल-श्रीफळाच्या आधी ऐकलं आहे. माझ्या पाठीवर सॅक असायची. घर ठाकुर्लीत होतं, आणि आई गेल्यापासून तिथे बाबा एकटे राहत होते.

दिवाळीला घरी आले ती एक प्रश्न घेऊनच. प्रबंध संपल्यावर दोन वर्षं जर्मनीतल्या प्रयोगशाळेत काम मिळत होतं, होकार गाईडना सोमवारपर्यंत कळवायचा होता. जिन्यातच खालच्या मजल्यावरच्या काकूंनी थांबवलं.

"अगं, बाबा परवा आमच्या दाराला चावी लावत होते. बराच वेळ."

बाबांना विचारलं, तर ते हसले. "बिल्डरने सगळ्या मजल्यांवर एकच दार लावलंय, त्यात माझा काय दोष? शिवाय काकू चकली देतात. दार चुकणं परवडतं."

उत्तर इतकं चांगलं होतं की मला ते पुरेसं वाटलं नाही. रविवारी मी त्यांना खडवलीला नेलं. म्हटलं, नदीवर जाऊन येऊ. मनात होतं ते वेगळंच: या माणसाला दोन वर्षं एकटं ठेवता येईल का, ते बघायचं होतं.

बाबांची नोकरीची वर्षं डोंबिवलीत रंगांच्या कारखान्यात गेली आणि रविवार मित्रांबरोबर डोंगरात. मला चालायला त्यांनीच शिकवलं. त्यांचे नियम थोडे होते आणि त्यांत सूट नव्हती. फाटा आला की पुढच्याने थांबायचं, मागचा दिसेपर्यंत पाऊल टाकायचं नाही. एकदा मी थांबले नव्हते, तर परतीच्या वाटेवर ते माझ्याशी बोलले नाहीत.

भात कापून झाला होता. बाबा माझ्यापुढे, जुन्याच झपाट्याने चालत होते, आणि मी मनातल्या मनात जर्मनीला जाण्याची तयारी करू लागले. ओहोळाशी शिंपले दिसले म्हणून वाकले. उठून फाट्यावर आले तर तिथे कुणीच नव्हतं.

हाका मारल्या. नदीची वाट मोकळी होती. दुसऱ्या वाटेने धावत गेले. पुढे वीटभट्टी होती, तिथे विटांच्या थरावर बाबा निवांत बसले होते.

"किती मागे राहता रे तुम्ही लोक," ते म्हणाले. "बाकीचे कुठे आहेत?"

"बाकीचे कोण, बाबा?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांना कळलं. ते कळणं चेहऱ्यावर उतरताना मी पाहिलं. पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

"तू मला तपासायला आणलंस ना?"

"हो."

"मग निकाल सांग की. तुमच्या विद्यापीठात काय, सहा-सहा महिने लावतात."

"फाट्यावर थांबला नाहीत."

त्यांनी चपलेची माती विटेवर घासली. ती साफ झाल्यावरही घासत राहिले. "तरी तू जा," म्हणाले. "माझ्यामुळे राहिलीस असं कुणी म्हणायला नको."

"म्हणणारे सत्काराला येतात, बाबा. एरवी कुणी येत नाही."

स्टेशनवर बसून मी गाईडना दोन ओळींत नकार कळवला. त्यांचं उत्तर लगेच आलं आणि बरंच लांब होतं. त्यात देशाच्या लौकिकाचाही उल्लेख होता. बाबांनी विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं. ते चिडले. घरी आल्यावर ताट घेऊन गॅलरीत गेले आणि एकटेच जेवले. दुसऱ्या दिवशीही तेच.

मंगळवारी सकाळी बघते तर इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून ते खुर्चीत बसले होते. कुठे निघालात, असं विचारलं.

"डॉक्टरकडे," ते म्हणाले. "तू चल बरोबर. तो काय सांगतो ते माझ्या लक्षात राहील की नाही, कोण जाणे."